करंगळीएवढा ढग

आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायचे की नाही, हे ठरवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. ते मला कोणी दिले नव्हते; शास्त्रीय दृष्टीच्या भरात मीच ते ओढवून घेतले, आणि आता अंगाशी आल्यावर परत घ्यायला घरातले कोणीही तयार नाही.

सुरुवात झाली ती मोबाईलमधील हवामानाच्या अंदाजापासून. एका सकाळी त्यात ‘पावसाची शक्यता ३० टक्के’ असे दिसले, तेव्हा ओल्या कपड्यांची बादली हातात घेऊन उभ्या असलेल्या पत्नीने विचारले, “म्हणजे किती कपडे वाळत घालू?” मी तिला समजावून सांगितले की, ३० टक्के म्हणजे गावाच्या ३० टक्के भागात पाऊस नव्हे, दिवसाचा ३० टक्के वेळ पाऊस नव्हे आणि पावसाचा जोरही नव्हे, हवेची आजच्यासारखीच स्थिती असलेले दहा दिवस घेतले, तर त्यांपैकी साधारण तीन दिवस आपल्या जागी पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि आजचा त्यांतला कितवा?”

या प्रश्नावर मला जे उत्तर सुचले नाही, ते शोधण्यासाठी मी थेट ढगांकडे वळलो. ढगांना आज आपण ज्या पद्धतीने नावे देतो, तिचा पाया लंडनमधील ल्यूक हॉवर्ड या औषधे बनवणाऱ्या गृहस्थांनी १८०२ साली एका व्याख्यानात घातला, हे वाचून मला मोठा धीर आला. औषधे बनवणाऱ्याला जे जमले, ते कपडे वाळत घालणाऱ्याला का जमू नये? पिसासारखे ते तंतुमेघ, ढिगासारखे ते राशिमेघ, चादरीसारखे पसरलेले ते स्तरमेघ, एवढे पहिल्याच दिवशी पाठ झाले. पुढे मात्र त्यांच्यात आपापसांत सोयरिकी होऊन तंतुराशिमेघ, मध्यराशिमेघ, स्तरराशिमेघ अशी मंडळी निघाली आणि एकूण प्रकार दहा झाले. लग्नाच्या जुन्या फोटोतले नातेवाईक ओळखावेत, तसे मी त्यांना ओळखू लागलो, म्हणजे नाव बरोबर येई, पण माणूस दुसराच निघे.

यावर अभ्यासकांनी एक सोपी युक्ती सांगून ठेवली आहे. ढगांचे गोळे क्षितिजापासून बरेच वर असावेत आणि आपण हात पूर्ण लांब करून बोटांनी ते मापावेत. गोळा करंगळीच्या रुंदीपेक्षा लहान असेल, तर तो तंतुराशिमेघ. करंगळीहून मोठा पण तीन बोटांच्या आत असेल, तर मध्यराशिमेघ. त्याहून मोठा असेल, तर स्तरराशिमेघ. युक्ती अचूक आहे, परंतु ती भर सकाळी उघड्या गच्चीवर करायची असते, हे कोणी लिहिलेले नाही. मी आभाळाकडे करंगळी वर करून एक डोळा मिटून उभा असताना समोरच्या गच्चीवरील गृहस्थांनी मला काही क्षण निरखले आणि अत्यंत सहानुभूतीने जिन्याकडे बोट दाखवले.

तरीही अभ्यास सोडला नाही, आणि त्यातूनच तो दिवस उगवला. सकाळी अकराच्या सुमारास आकाशात छोटे, पांढरेशुभ्र राशिमेघ होते. खालून वर जाणारी दमट हवा ज्या उंचीवर पुरेशी थंड होते, तिथेच तिच्यातल्या वाफेचे थेंब होऊ लागतात. म्हणून या सगळ्या ढगांचे तळ एका फळीवर मांडल्यासारखे सपाट दिसतात. उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेले हे ढग स्वच्छ हवेचे लक्षण मानले जातात. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा ढगात सुमारे ५०० टन पाणी असू शकते, हेही मी पत्नीला कौतुकाने सांगितले आणि दोन बादल्या कपडे वाळत घालायला लावून निर्धास्त झोपलो.

चारच्या सुमारास जाग आली, तेव्हा पश्चिमेला त्यांतल्याच एकाचा डोंगर झालेला होता. वाफेचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, तीच ढगाला आणखी वर रेटते, त्यामुळे अशा ढगाला एकदा वाढीची चटक लागली की आवरत नाही. कपडे काढावेत, हे मलाही सुचले. पण तो अजून उंच वाढलेला राशिमेघच आहे की गर्जन्मेघ झाला आहे, हे ठरणे आवश्यक होते. माथा फुलकोबीसारखा रेखीव असेपर्यंत तो राशिमेघ. माथ्यावर बर्फाचे कण होऊन कडा धूसर, तंतुमय झाल्या, म्हणजे गर्जन्मेघ. कडा अद्याप रेखीव होत्या. तोवर त्याला गर्जन्मेघ म्हणणे सर्वस्वी अशास्त्रीय ठरले असते. मी कठड्याला टेकून वाट पाहिली, कडा विसकटल्या, माथा ऐरणीसारखा पसरला, आणि “झाला!” असे मी आनंदाने ओरडलो, तेव्हा पहिला टपोरा थेंब माझ्याच चष्म्यावर पडला. पुढची वीस मिनिटे मी आणि दोन बादल्या कपडे एकाच न्यायाने भिजत होतो.

रात्री चादरी पिळता पिळता मी अंदाजाची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला. संगणकावरील गणितात आकाश काही किलोमीटरच्या चौकटींत विभागलेले असते आणि असा एखादा एकटा ढग तासाभरात जन्मून विरतो. तो नेमका कोणाच्या गच्चीवर कोसळेल, हे आधी सांगणे फार कठीण. “अंदाज चुकला नव्हताच,” मी म्हणालो, “दहांतल्या त्या तिनांपैकी आजचा होता.” पत्नीने चादरीचे दुसरे टोक माझ्या हातात दिले आणि नेहमीपेक्षा जरा जोराने पिळले.

दुसऱ्या दिवशी समोरचे गृहस्थ जिन्यात भेटले. कालच्या पावसात त्यांचे काही भिजले का, असे मी विचारले. “छे हो,” ते म्हणाले, “आमचे सगळे वेळेवर आत होते.” ते कोणता अंदाज पाहतात, हे मी मोठ्या उत्सुकतेने विचारले. ते क्षणभर संकोचले.

“तुम्ही कपडे वाळत घातलेत,” ते म्हणाले, “की आम्ही काढून घेतो.”