अस्वलाच्या शिकारीला मोठ्यात मोठी रायफल? आधी नेम बघा

अलास्कात गाइडबरोबर तपकिरी अस्वलाच्या शिकारीला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास फॉरवर्ड होऊन येतो: ".३७५ मॅग्नमपेक्षा लहान रायफल म्हणजे जिवाशी खेळ. गोळी मोठी असली की नेम थोडा हुकला तरी भागतं. शिवाय गाइड असतोच." यातल्या एकाही वाक्यावर विसंबू नका. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अस्वलाची शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं अलास्कापुरतंच.)

पहिलं, .३७५ ची अट. (हा आकडा म्हणजे कॅलिबर, गोळीची इंचातली जाडी; मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस.) अलास्काच्या मत्स्य व वन्यजीव विभागाचाच सल्ला आहे की तपकिरी अस्वलासाठी .३०-०६ किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नम चालते. मात्र गोळी २०० ते २२० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), खोल शिरणारी, मजबूत बांधणीची हवी. याहून लहान कॅलिबर नको, हेही तो विभाग सांगतो. म्हणजे हरणासाठी आणलेली हलकी काडतुसं इथे कामाची नाहीत. कॅलिबरवर तास-तास वाद घालणारे गोळीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

दुसरं, मोठी गोळी चूक सांभाळून घेते म्हणे. पोटात लागलेली .३७५ ची गोळी पोटातच लागलेली असते. उलट मोठ्या रायफलीनेच नेम बिघडतो. बार होताना खांद्याला बसणारा .३०-०६ चा धक्का साधारण वीसेक फूट-पाउंड, .३७५ चा जवळपास दुप्पट. खात्री करायची असेल तर रेंजवर मित्राला रायफल भरायला सांगा आणि मधूनच त्याने तुम्हाला न कळवता डमी काडतूस घालावं. चाप ओढल्यावर बार होत नाही, पण नळीचं तोंड खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं, डोळेही मिटलेले असतात. धक्क्याच्या भीतीने बसणारा हाच झटका अस्वलासमोर गोळी खांद्याऐवजी पोटात नेतो. नवी मॅग्नम घेऊन येणाऱ्यांना ती नीट चालवता येत नाही, ही अलास्कातल्या अनुभवी गाइडांची जुनी तक्रार आहे. .३७५ शांतपणे चालवता येत असेल तर जरूर न्या, तिच्यासारखी रायफल नाही.

तिसरं, गाइडचा भरवसा. परराज्यातल्या शिकाऱ्याला तपकिरी अस्वलासाठी परवानाधारक गाइड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. गाइडजवळ बहुधा मोठी रायफल असते, ती गोष्टी बिघडल्यावर वापरायची. जखमी अस्वल आल्डरच्या दाट झुडपांत शिरतं. दाट केस आणि चरबी रक्त शोषून घेतात, त्यामुळे माग धड लागत नाही, आणि त्या झुडपांत पहिला पाय गाइडलाच टाकावा लागतो. अलास्कातल्या कोडियाक बेटावर तर जखमी होऊन निसटलेलं अस्वलही तुमच्या शिकारीच्या कोट्यात धरलं जातं. म्हणून बुकिंग करतानाच गाइडला विचारा: माझ्याकडे ही रायफल आहे, गोळी कोणती आणू?