आंबाडुंगर खोदून चीनला उत्तर मिळत नाही

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाद विझायचं नाव घेत नाही. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यांच्या आणि मोटारींत लागणाऱ्या त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, भारतातल्या मोटार कारखान्यांची धावपळ उडाली, आणि बडोद्यातल्या प्रत्येकाला एकदम छोटा उदेपूरकडचा, पोटात रेअर अर्थचा साठा असलेला आंबाडुंगर आठवला. "दारात खजिना पुरलाय आणि आपण चीनपुढे हात पसरतो," हे दांडिया बाजारातल्या माझ्या मामेभावाचं, दादाचं म्हणणं. पुढचं वाक्य खास माझ्यासाठी असतं: "तुमच्या ऑस्ट्रेलियात बघ, खनिज दिसलं की खणतात. इथे चार आंदोलनवाले बसले की काम बंद."

मी पर्थला राहते. धातुशुद्धीच्या कामात आहे, रोस्टरप्रमाणे विमानाने साइटवर जाते-येते. त्यामुळे ते वाक्य मला झोंबतं. खनिज दिसलं की इथे कुणी खणत नाही. मी काम केलं त्या ठिकाणी ड्रिलिंगची एक रांग आखायची तरी आधी हेरिटेज सर्व्हे व्हायचा. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांमधली ज्येष्ठ माणसं बरोबर चालायची आणि त्यांनी "इथे नको" म्हटलं की रांग सरकायची. जमीन जितकी उलथली त्या हिशोबाने कंपन्या दरवर्षी पुनर्वसन निधीत पैसे भरतात. २०२० मध्ये रिओ टिंटोने जूकन गॉर्जमधल्या, ४६ हजार वर्षांपासून माणसाच्या वावराच्या खुणा असलेल्या गुहा लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवल्या, हे दादा मला ऐकवेल. ऐकवू दे. त्यावर इथल्या संसदेची चौकशी बसली आणि कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावं लागलं. आपल्याकडे कुठल्या डोंगरासाठी कुठल्या अधिकाऱ्याची खुर्ची गेली, ते त्याने मला सांगावं.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. रेअर अर्थमध्ये खणणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, आणि आमचा सगळा वाद त्या सोप्या भागावरच अडलाय.

इथल्या लॅव्हर्टनजवळची माउंट वेल्ड ही रेअर अर्थची खाण ज्या खडकात आहे तो कार्बोनेटाइट, म्हणजे कार्बोनेट खनिजांनी भरलेला अग्निजन्य खडक. आंबाडुंगरचा खडकही तोच. सुखेश्वाला आणि उदास या भूशास्त्रज्ञांनी १९६३ मध्येच तो ओळखला होता. मात्र माउंट वेल्डचा खडक लाखो वर्षं कुजून, झिजून वरच्या थरात मूलद्रव्यं साचली आहेत. आंबाडुंगरला टणक खडक फोडायचा आहे आणि हाती येणारा माल त्या मानाने विरळ. तरीही, इतका श्रीमंत साठा असताना ऑस्ट्रेलियाने काय केलं? २०१२ पासून माल जहाजात भरून मलेशियातल्या कुआंतानला पाठवला. आम्लात शिजवणं, किरणोत्सर्गी थोरियम असलेला गाळ सांभाळणं, एकेक मूलद्रव्य वेगळं करणं, सगळं तिकडे. तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, कारण मलेशियातल्याच बुकित मेरा इथल्या जुन्या रेअर अर्थ कारखान्याच्या किरणोत्सर्गी कचऱ्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. २०२४ मध्ये कुठे ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत पहिल्या टप्प्याचा कारखाना उघडला. वेगळं करण्याचं काम त्यानंतरही मलेशियातच राहिलं. दादा ज्या देशाचा दाखला देतो त्या देशाचं वागणं हे असं आहे, आणि मी त्याच देशाचा पगार घेते.

दुसरी गोष्ट त्याला पटतच नाही. मोटारीतलं चुंबक तापलं तरी टिकावं म्हणून त्यात निओडायमियमच्या जोडीला डिस्प्रोशियम किंवा टर्बियम लागतं. चीनने अडवलेल्या सातांत ही दोन्ही आहेत. आपल्या सरकारने २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट सांगितलं की किनाऱ्यावरच्या मोनाझाइट या खनिजाच्या वाळूत ७२ लाख टनांहून जास्त रेअर अर्थ ऑक्साइड आहे, गुजरात-राजस्थानच्या खडकांत आणखी १२.९ लाख टन आहे, पण डिस्प्रोशियम-टर्बियमसारखी जड मूलद्रव्यं काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. म्हणजे उद्या सकाळी सगळा आंबाडुंगर ट्रकांत भरला तरी चीनने नेमकं जे अडवलंय ते त्यातून येणार नाही.

मग काय करायचं? याचं उत्तर बडोद्यात आहे म्हणून तर मला इतका त्रास होतो. ही मूलद्रव्यं गुणांनी इतकी सारखी की ती एका झटक्यात सुटी होत नाहीत. आम्लातलं द्रावण आणि केरोसीनमध्ये मिसळलेलं सेंद्रिय द्रव एकत्र ढवळायचं, निवळू द्यायचं, पुढच्या टाकीत न्यायचं, पुन्हा ढवळायचं. अशा शेकडो टाक्यांची रांग. हे केमिकल इंजिनिअरचं काम आहे, आणि केमिकल इंजिनिअर बडोद्याइतके कुठल्या शहरात आहेत? सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं तेव्हा जगाचे रंग जर्मनीतून यायचे. कलाभवनात प्राध्यापक गज्जरांनी रंगांचं रसायन शिकवलं, आणि १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिक ही रसायनांची कंपनी उभी केली. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग बंद पडले तेव्हा ज्यांना रसायन येत होतं त्यांनाच मार्ग दिसला. ही परंपरा सांगणारं शहर आज फक्त "खोदा" म्हणतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आपण उशिरा सुरुवात केली असंही नाही. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० ची, तिचा केरळातल्या आलुव्याचा कारखाना १९५२ चा. पण उत्पादन वर्षाला तीन हजार टनांच्या आतबाहेर राहिलं आणि चीन लाखांवर गेला. मोनाझाइटबरोबर थोरियम येतं म्हणून ते अणुऊर्जा कायद्याखाली, सरकारी कुलपात. चुंबक बनवणारा मोठा कारखाना नाही म्हणून मालाला देशात गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून कारखाना नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६,००० टन चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, ही मला आंबाडुंगरच्या सगळ्या गर्जनांपेक्षा मोठी बातमी वाटली. ग्रुपवर तिला दोन अंगठे मिळाले.

आणि तो डोंगर काही मोकळा पडलेला नाही. तो राठवा आदिवासींचा मुलूख आहे, २०१३ पर्यंत आपल्याच बडोदा जिल्ह्यात होता. तिथल्याच कडीपाणीला फ्लोरस्पार हे खनिज कधीपासून निघतंय. त्यातून कवांटच्या वस्त्यांवर काय आलं, हे ग्रुपवर एकानेही विचारलेलं नाही. जवळच हाफेश्वरला सरदार सरोवर धरणामुळे नर्मदेचं पाणी चढलं. आमच्या लहानपणी डभोईच्या रस्त्याला धरणग्रस्तांच्या पत्र्याच्या खोल्या दिसायच्या आणि मोठी माणसं म्हणायची, "बिचारे, पण धरण तर हवंच." नंदेसरीच्या रसायन कारखान्यांजवळून जाताना आम्ही गाडीच्या काचा वर करायचो. काचा वर करता येणाऱ्यांपैकी आम्ही होतो. राठवांनी स्वतःहून, हिश्शासकट, कागद वाचून हो म्हटलं तर खोदा, मी त्यासाठी हवं ते तांत्रिक काम फुकट करून देईन. त्यांना देशद्रोही म्हणून गप्प करून खोदणार असाल तर मी विरोधात आहे.

दादाचं यावर ठरलेलं उत्तर: "तू तिकडे बसून बोलू नकोस." ते लागतं, कारण त्याच्याकडे उत्तर आहे आणि माझ्याकडे नाही. चीनमध्ये हे वेगळं करण्याचं गणित ज्यांनी बसवलं ते शू ग्वांगश्येन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट करून १९५१ मध्ये मायदेशी परतले. ते परतले नसते तर आज आम्ही या विषयावर भांडतही नसतो. मी परतलेली नाही. कलाभवनाच्याच इमारतीत शिकले आणि ते शिक्षण कुठल्या तरी तिसऱ्याच वाळवंटात वापरते. मतदानाचा हक्क नागरिकत्व बदललं तेव्हाच गेला. गुजरातेत आम्ही मराठी, पुण्याला गेलं की गुजरातवाले, आणि इथे स्मोकोच्या, म्हणजे कामातल्या छोट्या सुट्टीच्या वेळी कुणी विचारलं की मी नुसतं इंडिया म्हणते, कारण यातलं काहीच त्यांना सांगून उपयोग नसतो. तरी आंबाडुंगरचं नाव वाचलं की छातीत काहीतरी हलतं. माझा त्यावर हक्क किती, मला ठाऊक नाही. राठवांपेक्षा कमी, हे नक्की, आणि दादापेक्षाही कमी असेल.

दादाचा मुलगा यंदा केमिकलला आहे. शेकडो टाक्यांच्या त्या गणिताबद्दल मी त्याला बरंच लिहिलं, रात्री फोनवर समजावलं. पोरगा हुशार आहे, दुसऱ्या दिवशी नेमके प्रश्न घेऊन आला. शेवटचा प्रश्न होता, "आत्या, पर्थला इंटर्नशिप मिळेल का?" बडोद्यातच थांब, असं सांगायला माझं तोंड उघडेना. प्रयत्न करते म्हटलं, आणि करतेय.