सूर्याशेजारचा तो ठिपका निबिरू नाही

एका लेखात मोबाइलवर काढलेला फोटो देऊन त्यात सूर्याशेजारी दिसणारा ठिपका निबिरू, म्हणजे पृथ्वीवर आदळणार अशी अफवा असलेला काल्पनिक ग्रह, असल्याचं म्हटलंय. तो लेन्सच्या आतल्या परावर्तनाचा आहे. मूळ फोटोच्या मध्यावर खूण करा आणि सूर्यापासून त्या खुणेतून रेघ ओढा. ठिपका पलीकडे, बहुतेकदा तेवढ्याच अंतरावर सापडेल. फोटो कापलेला असेल तर मध्य सरकतो आणि इथेच लोक फसतात. फोन जरा हलवला की ठिपका सूर्याच्या उलट दिशेला पळतो. बोटाने सूर्य झाकला की ठिपकाही जातो. नजर मात्र स्क्रीनवरच ठेवा, थेट सूर्याकडे नको!

बॅटिगिन आणि ब्राउन या खगोलशास्त्रज्ञांनी 2016 साली मांडलेला नववा ग्रह यात मिसळू नका. तो असलाच तर पृथ्वीपेक्षा शेकडोपट दूरवरून सूर्याभोवती फिरतोय, आणि अजून कुणाला दिसलेला नाही.