फौजदार नाही म्हणून गाडी न थांबवण्याचा सल्ला

‘वाहनचालकांनो, आपले हक्क ओळखा’ अशा मथळ्याचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पीएसआयच्या (पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे फौजदाराच्या) खालच्या पोलिसाने हात केला तर थांबू नका, कागद दाखवायला पंधरा दिवस मिळतात, चावी काढून घेता येत नाही, दंड जागेवर भरू नका, दारू तपासण्याच्या यंत्रात फुंकायला सरळ नकार द्या, म्हणजे पुरावाच उरत नाही. यात खरे आणि खोटे एकत्र कालवले आहे. खरे थोडे आहे आणि खोट्यामुळे लोकांवर गुन्हे दाखल होऊ शकतात, म्हणून हे लिहितो आहे.

सर्वांत घातक आहे तो पहिला मुद्दा. पीएसआयचा उल्लेख कायद्यात आहे, पण कुठे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३२ मध्ये. ते कलम अपघातानंतरचे आहे. तुमच्या गाडीने माणसाला, जनावराला किंवा दुसऱ्या वाहनाला इजा झाली असेल, तर गणवेशातला उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरचा अधिकारी थांबायला सांगू शकतो, असे ते म्हणते. मजकूर लिहिणाऱ्याने तेवढाच हुद्दा उचलला आणि रोजच्या नाकाबंदीला लावला. चौकात वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाचे निर्देश पाळायला कलम ११९ सांगते, आणि तिथे ‘कोणताही पोलीस अधिकारी’ असेच शब्द आहेत, हुद्द्याची अट नाही. परवाना तपासण्याबद्दलचे कलम १३० सुद्धा गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाला तो अधिकार देते. कायदेशीर निर्देश मुद्दाम धुडकावला तर कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंड ही त्यातली छोटी गोष्ट. हवालदाराला चुकवून गाडी पुढे दामटल्याने, त्याला बॉनेटवर फरफटत नेल्याने माणसे तुरुंगात गेल्याच्या बातम्या आपण मुंबई-पुण्यात वाचल्या आहेत. हात दिसला की इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, रात्री असेल तर गाडीतला दिवा लावा. वाद घालायचा तो थांबल्यावर.

पंधरा दिवसांचेही तसेच. ती मुदत कलम १३० च्या तिसऱ्या पोटकलमात आहे आणि ती आरटीओच्या अधिकाऱ्याने विमा, फिटनेस, परमिट मागितल्यावर मिळते. चालकाच्या लायसन्सला ती लागू नाही. ते मागताक्षणी दाखवायचे. मात्र कागद घरी राहिले म्हणून घाबरायचे कारण नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ नोव्हेंबर २०१८ मध्ये बदलला आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधले लायसन्स, आरसी (गाडीचे नोंदणीपत्र) मूळ कागदांइतकेच ग्राह्य झाले. १ ऑक्टोबर २०२० पासून तर कागद संगणकावर पडताळता आले की मूळ प्रत मागायचीच नाही, असा नियम आहे. ‘ओरिजिनल दाखव’ म्हणून अडून बसणाऱ्याला हेच ठामपणे सांगा.

चावीबद्दल मजकूर बरोबर आहे. चावी काढून घ्यायचा अधिकार देणारे कलम या कायद्यात नाही, आणि चालत्या दुचाकीच्या चावीला हात घालणे म्हणजे चालकाला पाडण्याची तयारीच. अशा पोलिसाचा बक्कल नंबर टिपा, वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा. झोंबाझोंबी करू नका, कारण त्यातून सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा तुमच्यावरच येतो. पण चावी घेता येत नाही म्हणजे गाडीही घेता येत नाही, असा अर्थ काढू नये. परवानाच नसेल, चालक अल्पवयीन असेल किंवा नोंदणी नसेल तर कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते.

जागेवर पैसे न भरण्याचा मुद्दा अर्धा खरा. कलम २०० चे शुल्क ही तडजोड आहे, म्हणजे पैसे भरून प्रकरण तिथेच मिटवणे, आणि तडजोड तुमच्या संमतीशिवाय होत नाही. गुन्हा मान्य नसेल तर न्यायालयात जाता येते. तडजोड कोणत्या हुद्द्याने करायची ते राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. नाव-पत्ता सांगायलाच नकार दिलात, तर मात्र कलम २०२ खाली विनावॉरंट अटक होऊ शकते.

लायसन्स जप्त केले तर पोचपावती मागा. कलम २०६ नुसार ती द्यावी लागते आणि एरवी परवाना परत मिळेपर्यंत किंवा पावतीवरची मुदत संपेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येते; मात्र अतिवेग, धोकादायक किंवा दारू पिऊन गाडी चालवणे, हेल्मेट नसणे अशा गुन्ह्यांत निलंबनासाठी लायसन्स जप्त झाले असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार ते परत मिळेपर्यंत पावतीवर गाडी चालवता येत नाही. इतक्या कामाची ही गोष्ट त्या मजकुरात नाही!

आणि फुंकायला नकार? कलम २०५ प्रमाणे सबळ कारण नसताना दिलेला नकार न्यायालयात फिर्यादीच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. शिवाय अटकेनंतर पोलीस ठाण्यात डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना मागता येतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क निघाला तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. चालकाचे संरक्षण नकारात नाही, ते कलमांत लिहिलेले आहे: चालक स्त्री आणि डॉक्टर पुरुष असेल तर नमुना दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यायचा, आणि कलम १८५ खाली अटक केलेल्या कोणाचीही वैद्यकीय तपासणी दोन तासांत झाली नाही, तर त्याला कोठडीतून सोडावेच लागते.