‘समजतंच ना, मग झालं!’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘यूज्ड टू’वरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: “एका ओळीत संपणाऱ्या गोष्टीचा पानभर कीस काढलाय. यूज्ड टू म्हणजे सवय, बस्स. कुणी आत्ताच्या सवयीला यूज्ड टू म्हणालं तरी समोरच्याला समजतंच ना? मग झालं! वुड आणि यूज्ड टू यांतला फरकही उगाच वाढवलेला. शिवाय ‘डिडन्ट यूज्ड टू’ असंही छापलेलं दिसतं, ते तुम्ही सांगितलंच नाही. असल्या पंतोजीगिरीमुळेच मराठी मुलं इंग्रजी बोलायला घाबरतात. चुकांचा तो परिच्छेद काढून टाका.”

नमस्कार. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. पण ‘पंतोजीगिरी’ हा शब्द तुम्ही ज्या सहजतेने फेकलात तो मला लागला. लेख पटला नाही, कंटाळवाणा वाटला, असं म्हणता आलं असतं. त्याऐवजी तुम्ही थेट माझ्या हेतूवरच घसरलात. मुलांना घाबरवण्यासाठी रात्री जागून कुणी फुकट लेख लिहीत नाही.

इंग्रजीची भीती काय असते हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. नोकरीच्या सुरुवातीला इंग्रजीत फोन करायचा असला की मी वाक्यं आधी कागदावर लिहून घेत असे आणि फोन उचलला जाऊ नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करत असे. पुढे कितीतरी वर्षं संध्याकाळी नोकरदार मुलामुलींना इंग्रजी शिकवलं, ते याच भीतीपोटी. तेव्हा मुलांची बाजू तुम्ही एकट्याने घेतलीय असं कृपया समजू नका.

एक गोष्ट मान्य करते. ‘डिडन्ट यूज टू’ हेच रूप मी दिलं आणि ‘डिडन्ट यूज्ड टू’ही छापलेलं आढळतं हे सांगायचं राहिलं. डिडच्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं, म्हणून डी नसलेलं रूप व्याकरणाला धरून आहे आणि परीक्षेत तेच लिहावं. पण दुसरंही दिसतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते: “समोरच्याला समजतंच ना?”

नाही, समजत नाही. खरं तर अगदी उलटं समजतं, आणि त्यासाठीच मी तो परिच्छेद लिहिला होता. तो तुम्ही नीट वाचला असतात तर ही प्रतिक्रिया कदाचित आलीच नसती. ‘आय गो’च्या जागी ‘आय गोज’ म्हटलं तर कान खटकतो, पण अर्थ पोचतो. त्या चुकीबद्दल तुमचं ‘मग झालं’ मी आनंदाने मान्य करीन. ‘यूज्ड टू’चं तसं नाही. ‘आय यूज्ड टू वॉक एव्हरी मॉर्निंग’ हे ऐकणारा ‘पूर्वी चालायचे, आता सोडलं’ असा अर्थ घेतो. त्याला वाक्यात कुठे अडखळायला होत नाही, व्याकरणाची चूक दिसत नाही, म्हणून तो पुन्हा विचारतही नाही. बोलणारा मात्र ‘मी रोज चालतो’ असं सांगून मोकळा झालेला असतो. हेच वाक्य रोजच्या गोळीबद्दल डॉक्टरांसमोर उच्चारलं गेलं तर? रुग्ण म्हणतोय, ही गोळी मी रोज रात्री घेतो. डॉक्टर लिहून घेतात, गोळी बंद केली आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याची मुलाखत सांगते. हुशार मुलगा, रोज नेमाने प्रोग्रॅमिंगचा सराव करणारा. मुलाखतीत तो म्हणाला, ‘आय यूज्ड टू प्रॅक्टिस एव्हरी डे.’ समोरच्या बाईंनी विचारलं, ‘व्हाय डिड यू स्टॉप?’ हा गोंधळला. आपण थांबलो असं आपण कधी म्हणालो, हेच त्याला कळेना. मग ठासून सांगण्यासाठी तो म्हणाला, ‘नो मॅडम, आय यूज्ड टू, डेली!’ म्हणजे ज्या शब्दांनी घोळ झाला तेच शब्द आणखी मोठ्याने. वर्गात येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय. ‘यूज्ड टू म्हणजे सवय, बस्स’ हीच एक ओळ त्याला शाळेत कुणीतरी शिकवली होती.

ही चूक आळसातून होत नाही, तिला कारण आहे. मराठीत सवयीचे दोन्ही काळ डोळ्यांना दिसतात. ‘मी वाचत असतो’ हा रीती वर्तमानकाळ, ‘मी वाचत असे’ हा रीती भूतकाळ. बोलताना आपण ‘वाचायचो’ म्हणतो. इंग्रजीत आत्ताची सवय नुसत्या ‘आय रीड’मध्ये बसते. ‘असतो’साठी तिथे वेगळा शब्दच नाही. आपल्या मनाला तिथे काहीतरी सुटल्यासारखं वाटतं आणि ती जागा भरायला हाताशी ‘यूज्ड टू’ असतो. खरं तर तिथे ‘आय रीड’ किंवा फार तर ‘आय यूज्वली रीड’ पुरतं.

त्यात उच्चार भर घालतो. सवयीच्या अर्थाने बोलताना हे दोन शब्द जोडून ‘यूस्टू’ असे होतात. झचा स होतो, ड टूमध्ये विरतो. त्यामुळे त्यात भूतकाळाचा प्रत्यय आहे हे कानाला कळतच नाही, आणि लिहिताना ‘आय यूज टू गो’ होतं. हीच अक्षरं ‘वापरला’ या अर्थाने आली की झ आणि ड दोन्ही राहतात. ‘धिस इज द नाइफ आय यूज्ड टू कट द रोप’ हे मोठ्याने म्हणून बघा. याच सुरीने मी दोर कापला. तिथे ‘यूस्टू’ म्हटलंत तर वाक्य वेगळ्याच वाटेला लागतं.

जुन्या इंग्रजीचा दाखला द्याल, म्हणून आधीच सांगते. वर्तमानकाळातही हे क्रियापद सवयीच्या अर्थाने एकेकाळी चाले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘ॲज दाउ यूझेस्ट टू डू’, म्हणजे ‘तू नेहमी करतोस तसं’, असं आहे. पण तो प्रयोग केव्हाच मागे पडला. आज त्या अर्थाने फक्त भूतकाळाचं रूप उरलं आहे.

आणि हो, ‘यूज्ड टू’ म्हटलं की सवय सुटलेलीच असते असं शंभर टक्के नाही. ‘आय यूज्ड टू लव्ह इट, अँड आय स्टिल डू’ हे वाक्य शुद्ध आहे. पण त्याला ती ‘अजूनही आवडतं’ची शेपटी जोडावी का लागली? नाहीतर ऐकणारा ‘आता नाही’ असंच धरून चालला असता, म्हणून. तुमच्या ‘समजतंच ना’ला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

वुडबद्दल थोडक्यात. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतीला दोन्ही चालतात, स्थितीला वुड चालत नाही. ‘वुई वुड क्लाइम्ब दॅट ट्री’ ठीक. पण पूर्वी तिथे राहायचो हे सांगायला ‘आय वुड लिव्ह देअर’ म्हणालात तर ‘राहीन, पण...’ असं काहीतरी ऐकू येतं. हा फरक तुम्हाला उगाच वाटत असेल तर वाटो. लेखात उदाहरणं आहेत, ती पाहावीत.

राहता राहिली परिच्छेद काढायची सूचना. तो मी काढणार नाही. उलट ते गोळीचं उदाहरण लेखात नव्हतं, ते आता त्याच परिच्छेदात घालते आहे, आणि ‘डिडन्ट’ची ओळही.