'आर्मान्याक' म्हणजे म्हणे फ्रेंच देशभक्त!

पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये यादवी पेटली, त्यातल्या एका गटाला 'आर्मान्याक' म्हणत आणि समोरच्याला 'बर्गंडीवाले'. या नावावरून इतिहासाच्या ग्रुपांवर एक पोस्ट सारखी फॉरवर्ड होतेय. म्हणणं असं की कॅटलान पुस्तकांत 'आर्मान्याक्स' दिसलं की मराठीत बिनधास्त 'आर्मान्याक प्रांतातले लोक' नाहीतर सरळ 'फ्रेंच देशभक्त' लिहावं, कारण ते इंग्रजांशी लढले, समोरचे बर्गंडीवाले फितूर होते आणि हे नाव त्यांनी स्वतःच अभिमानाने घेतलेलं. ऐकायला झकास आहे, पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

आधी प्रांताचं बघू. आर्मान्याक हा नैऋत्य फ्रान्समधला प्रांत, पण भांडण तिथे सुरूच झालं नाही, ते झालं पॅरिसमध्ये. राजा सहावा चार्ल्स 1392 पासून वेडाच्या झटक्यांनी हैराण, त्यामुळे सत्ता कोणाच्या हातात यावरून राजाचा भाऊ ऑर्लेआंचा ड्यूक लुई आणि चुलतभाऊ बर्गंडीचा ड्यूक जाँ यांच्यात जुंपलेली. 23 नोव्हेंबर 1407 च्या रात्री लुई राणीला भेटून खेचरावर बसून निघाला, राजाने बोलावलंय असा खोटा निरोप त्याला दिलेला, आणि वाटेत मारेकऱ्यांनी त्याला तोडला, हातसुद्धा छाटला. जाँ अंत्ययात्रेत शोक करत होता, मग दोनच दिवसांत खून आपणच करवला हे कबूल करून पॅरिसमधून पळाला, आणि पुढच्या वर्षी परत येऊन एका धर्मपंडिताकडून 'जुलमी माणसाला मारणं योग्यच' असं भर दरबारात सिद्धही करून घेतलं! बाप मारला गेला तेव्हा लुईचा मुलगा चार्ल्स याला तेरा पूर्ण व्हायला एकच दिवस बाकी होता. 1410 मध्ये त्याचं लग्न झालं आर्मान्याकचा काउंट सातवा बर्नार याच्या मुलीशी, आणि गास्कनीच्या भांडकुदळ सैनिकांसकट हा सासरा गटाचा खरा म्होरक्या झाला. म्हणजे नाव सासऱ्याच्या सरंजामाचं, बाकी गटात बेरीचा ड्यूक, आलाँसाँवाला असे सगळीकडचे बडे लोक, त्यांना 'आर्मान्याकचे' म्हणणं म्हणजे कमालच आहे.

आता देशभक्ती. 1411 मध्ये जाँने इंग्रजांची मदत घेतली हे खरंय, पोस्ट तिथेच थांबते. पुढच्याच वर्षी, मे 1412 मध्ये, याच 'देशभक्तांनी' इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीशी करार केला, सैन्य द्या, बदल्यात नैऋत्य फ्रान्समधला आक्विटेन प्रांत घ्या! सैन्य आलंसुद्धा, पण तोवर इकडे दोन्ही गटांत तात्पुरता समेट झालेला, मग त्या इंग्रजांना पैसे देऊन वाटेला लावावं लागलं. 1415 च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्रजांसमोरच्या फ्रेंच फौजेत आर्मान्याकवाल्यांचाच भरणा होता हे मान्य, पण जाँचे दोन सख्खे भाऊ फ्रान्सच्याच बाजूने लढताना तिथे मेले, त्यांना फितूर कसं म्हणणार? बर्गंडीने इंग्रजांचा हात खऱ्या अर्थाने धरला तो 1419 नंतर, राजाचा मुलगा युवराज चार्ल्स (लुईचा मुलगा नव्हे, हा आर्मान्याकांच्या बाजूचा वारस) याच्याशी बोलणी करायला मोंतरोच्या पुलावर गेलेल्या जाँला युवराजाच्या माणसांनी युवराजाच्याच डोळ्यांदेखत मारलं तेव्हा, आणि 1435 मध्ये आरासच्या तहाने तो सोडलासुद्धा. जोन ऑफ आर्क युवराजाच्या बाजूची म्हणून तिच्यावरून हा सगळा गट मागे जाऊन देशभक्त ठरवायचा, हा उलटा हिशोब झाला.

नाव स्वतः घेतलं हेही नाही. ते त्यांच्या विरोधकांनी चिकटवलेलं, बर्गंडीच्या बाजूच्या पॅरिसमध्ये 'आर्मान्याक' ही शिवीच होती. 1418 मध्ये बर्गंडीवाले शहरात घुसले आणि 12 जूनला जमावाने कैदेतल्या बर्नारला मारलं, त्याच्याबरोबर कितीतरी 'आर्मान्याक' कापले गेले.

आणि पोस्टवाल्याने ज्याचा विचारच केला नाही ते म्हणजे कॅटलान बाजू. कॅटलान लोकांना हा शब्द काही फ्रेंच यादवीतूनच माहीत झाला असं नाही. 1389-90 च्या हिवाळ्यात याच बर्नारच्या, तेव्हा तो काउंट झाला नव्हता, भाडोत्री टोळ्या कॅटलोनियातल्या अंपुर्दा भागात शिरून लुटालूट करत होत्या, आणि त्यांना हाकलणारा आरागोनचा राजा पहिला जुआन, त्याची पहिली बायकोसुद्धा आर्मान्याक घराण्यातलीच! गंमत म्हणजे त्याचीच मुलगी योलांद (दुसऱ्या लग्नाची) पुढे युवराज चार्ल्सची सासू आणि त्याच्या बाजूची मोठी आधार झाली. 1444 मध्ये तर बाझेलजवळ स्विस लोकांशी लढलेल्या आणि आल्सासमध्ये धुमाकूळ घातलेल्या फ्रेंच भाडोत्र्यांनाही हेच नाव पडलं, तेव्हा ना बर्नार जिवंत ना जाँ.

त्यामुळे आधी साल बघा. 1410 ते 1435 च्या मजकुरात 'आर्मान्याक गट' किंवा 'आर्मान्याक पक्ष' लिहा, शेवटचा 'स' कॅटलान अनेकवचनाचा आहे तो काढून टाका. 'ऑर्लेआंवाले' सुरुवातीच्या वर्षांना चालेल, पण 'ऑर्लेआनिस्ट' नको, तो 19 व्या शतकातल्या राजा लुई फिलिपच्या समर्थकांचा शब्द आहे, वाचक चारशे वर्षं पुढे जाऊन पडेल. आणि 1389 किंवा 1444 असेल तर 'आर्मान्याक टोळ्या', तिथे कोणी 'पेंढारी' लिहिलं तरी माझी हरकत नाही.