पोरांना तुरुंग दाखवायला निघालेल्यांसाठी

'आजची पिढी हाताबाहेर! प्रत्येक पालकाने वाचावे' हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मी न वाचता पुसला. दुसऱ्यांदाही पुसला. तिसऱ्यांदा तो माझ्या सख्ख्या ताईने पाठवला आणि खाली स्वतःची ओळ जोडली : "शनिवारी याला जेल दाखवून आणू का? ह्यांच्या ओळखीचे एक साहेब आहेत तिथे." 'याला' म्हणजे माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला. त्याचा गुन्हा काय, तर आठवडाभर क्लास बुडवला आणि घरी थापा मारल्या.

म्हणून लिहायला बसलोय. एरवी असल्या मेसेजच्या नादी लागण्याइतका मी रिकामा नाही.

मेसेजात चार गोष्टी आहेत. सॉक्रेटिसने म्हणे या पिढीबद्दल आधीच इशारा दिला होता. आजच्याइतकी क्रूर मुलं इतिहासात कधी झाली नाहीत. मोबाइलमधला एक गुप्त खेळ रात्री मुलांना जीव द्यायला लावतो. आणि यावर रामबाण उपाय म्हणजे पोराला एक दिवस तुरुंग दाखवा, 'अमेरिकेत ९० टक्के मुलं यानेच सुधारली'.

सॉक्रेटिसपासून सुरू करू. मुलं चैनी झाली, उद्धट झाली, थोरांचा मान ठेवत नाहीत, गुरूंना छळतात, हे त्याचं वाक्यच नाही. केनेथ जॉन फ्रीमन नावाच्या केंब्रिजच्या अभ्यासकाने प्राचीन ग्रीसमधल्या शिक्षणावर प्रबंध लिहिला, तो १९०७ साली छापून आला. त्या काळचे लोक तरुणांबद्दल काय काय कुरकुरत, त्याचा गोषवारा त्याने स्वतःच्या शब्दांत दिला होता. पुढे कुणीतरी तो सॉक्रेटिसच्या तोंडी घातला. खऱ्या सॉक्रेटिसला अथेन्सने इ.स.पू. ३९९ मध्ये विषाचा प्याला दिला, आणि त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक होता की हा तरुण पोरांना बिघडवतो! म्हणजे ज्याचा या भीतीने जीव घेतला, त्यालाच तिचा साक्षीदार केलंय. शिवाय अडीच हजार वर्षांपूर्वीही पोरं बिघडलेलीच होती, तर आजचीच पिढी वेगळी कशी? पहिला मुद्दा दुसऱ्याला खातोय, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नाही.

'एवढी क्रूर मुलं कधी नव्हती' हेही जुनंच. १९९५ मध्ये जॉन डिइउलिओ या अमेरिकी प्राध्यापकाने 'सुपर-प्रेडेटर' हा शब्द चालवला : दयामाया नसलेल्या पोरांची लाट येतेय म्हणून. तोवर तिथली किशोरांची हिंसा उतरायला लागली होती आणि पुढे बरीच वर्षं उतरतच गेली. २०१२ मध्ये अल्पवयीनांच्या जन्मठेपेचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात होता, तेव्हा 'ते भाकीत चुकलं' असं सांगणाऱ्या निवेदनावर सही करणाऱ्यांत खुद्द डिइउलिओ होते. मधल्या काळात कायदे कडक होऊन जी पोरं मोठ्यांच्या तुरुंगात गेली, त्यांना त्या सहीचा काय उपयोग?

गुप्त खेळाबद्दल फार लिहीत नाही. मेसेजसोबतच्या फोटोतली बटबटीत डोळ्यांची बाई ही केइसुके आइसो या जपानी कलाकाराने २०१६ मध्ये केलेली मूर्ती आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये शाळांनी आणि पोलिसांनी 'मोमो'चे, म्हणजे याच खेळाचे, इशारे धडाधड पाठवले. मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्था सांगत राहिल्या की या खेळाने कुणाला इजा झाल्याचा पुरावा नाही. ते तोंड घराघरांत पोचलं ते या इशाऱ्यांमुळेच. मूर्ती तर कुजली म्हणून कलाकाराने त्याआधीच फेकून दिली होती.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. रात्री उशाशी फोन असला की पोरांची झोप उडते, आणि ऑनलाइन धमकावणारी माणसं खरी असतात. ताईचा जीव उगाच वर-खाली होत नाही. पण त्याला भुताची बाई कशाला हवी?

आता तुरुंग. मी चिडलोय तो यावर.

ते ९० टक्के कुठून आले ते सांगतो. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेचे कैदी वांड पोरांना समोर बसवून त्यांच्या अंगावर ओरडत, शिव्या घालत, आत आलात तर तुमचं काय होईल ते रंगवून सांगत. त्यावर १९७८ मध्ये 'स्केअर्ड स्ट्रेट' हा माहितीपट निघाला. त्याला ऑस्कर मिळालं. त्यातल्या १७ पोरांपैकी १६ जण तीन महिने सरळ राहिले, हा त्याचा मोठा पुरावा. सतरा पोरं, तीन महिने, आणि ज्यांना तुरुंगात नेलं नाही अशी पोरं तुलनेला एकही नाहीत.

ही तुलना का लागते? पोराला तुरुंग दाखवायची वेळ येते ती त्याचं सगळ्यात जास्त बिघडलेलं असतं तेव्हा. त्यानंतर काहीही करा, बहुतेक पोरं आपोआप थोडी निवळतात. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्येच मांडलंय की किशोरवयात वाकडं पाऊल टाकणारे पुष्कळ असतात, पण त्यातले बहुतेक वय वाढलं की थांबतात. आयुष्यभर त्याच वाटेने जाणारे थोडे. पोरगं तीन महिन्यांनी शांत झालं की श्रेय मात्र तुरुंगाला.

जेम्स फिंकनॉअर या अभ्यासकाने नेलेली आणि न नेलेली पोरं शेजारी ठेवून पाहिली. न नेलेल्यांपैकी ११ टक्क्यांनी नव्याने गुन्हा केला. तुरुंग पाहून आलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी. आकडे उलटे छापलेले नाहीत, ताई, पुन्हा वाच. एका अभ्यासावर विश्वास नसेल तर अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी असे नऊ प्रयोग एकत्र तपासले, १९६७ ते १९९२ या काळातले. कोणत्या पोराला न्यायचं आणि कोणाला नाही, हे त्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं, म्हणजे 'आधीच वाईट पोरं नेली असतील' ही पळवाटही बंद. निष्कर्ष तोच : नेल्याने गुन्हे वाढतात. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं.

असं का होतं याची उत्तरं वेगवेगळी दिली जातात. मला पटणारं एक असं की कैद्याचा दरारा पाहून काही पोरांना तोच भारी वाटतो. दुसरं, तिथे नेणं हाच निकाल असतो : तू यांच्यातला. असा शिक्का बसला की काय होतं, त्याचं एक जुनं उदाहरण आहे. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमध्ये क्लॅक्टनच्या किनाऱ्यावर पोरांच्या दोन गटांत किरकोळ धुमश्चक्री झाली, वर्तमानपत्रांनी तिचं रण केलं. स्टॅनली कोहेन यांनी १९७२ च्या पुस्तकात दाखवलं की त्या गवगव्याने पुढच्या सुट्ट्यांना पोलीस वाढले, तमाशा बघायला पोरं वाढली, अटका वाढल्या, आणि त्या अटका पुन्हा पुरावा म्हणून छापल्या गेल्या. क्लास बुडवणाऱ्या पोराला गजाआडची माणसं दाखवून 'बघ, तुझी जागा' म्हणणं याहून वेगळं कसं?

शनिवारचं रद्द झालंय. साहेबांना मीच फोन केला. तेही सुटल्यासारखे बोलले. ताई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. क्लास का बुडवला, हे भाच्याला अजून कुणीही विचारलेलं नाही. रविवारी मी जातोय.